ब्रायटनचा सी-फेसिंग फ्लॅट: भाडं समुद्राचं, खर्च भिंतींचा

मुंबईत सी-फेसिंग म्हटलं की आकडा कोटींत जातो आणि विषय तिथेच मिटतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनमध्ये मात्र नोकरीसाठी किंवा शिकायला नव्याने आलेल्या माणसालाही समुद्रासमोरचा फ्लॅट भाड्याने मिळू शकतो. त्यामुळे सप्टेंबरात उतरलेली मंडळी या फ्लॅटांवर हटकून भाळतात. उंच छत, लोखंडी कठड्याची बाल्कनी, खाली गोट्यांचा किनारा, डावीकडे पॅलेस पिअर हा समुद्रात शिरलेला धक्का, उजवीकडे २००३ साली जळालेल्या वेस्ट पिअरचा सांगाडा. लंडन व्हिक्टोरिया ट्रेनने तासाभरावर, गॅटविक विमानतळ अर्ध्या तासावर. आणखी काय हवं?

हे परीक्षण त्या फ्लॅटचं. कुठल्या एका इमारतीचं किंवा एजन्सीचं नव्हे, या जातीच्या घराचं. निकाल आधीच सांगून टाकू: मे ते सप्टेंबर पाचपैकी साडेचार, नोव्हेंबर ते मार्च जेमतेम दोन. आणि भाडं बाराही महिने सारखंच. घर बघायला जाण्याचा हंगाम नेमका उन्हाळाअखेरचा असतो. खिडक्या उघड्या, भिंती कोरड्या, कुबट वासाचा मागमूस नाही. घराचा खरा स्वभाव ऑक्टोबरच्या शेवटी, घड्याळं एक तास मागे गेली की कळायला लागतो.

आधी हे घर कसं बांधलंय ते समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे. ब्रन्सविक स्क्वेअर, ब्रन्सविक टेरेस, रीजन्सी स्क्वेअर, पूर्वेला केम्प टाउनमधले ससेक्स स्क्वेअर आणि लुईस क्रेसेंट ही सगळी १८२० च्या दशकाच्या आसपासची बांधकामं. एकेक घर एकेका श्रीमंत कुटुंबासाठी होतं: तळघरात स्वयंपाकघर आणि नोकर, वर दिवाणखाने, त्यावर झोपायच्या खोल्या, माळ्यावर पुन्हा नोकर. आज त्याच घराचे मजल्यागणिक, कधी एका मजल्याचे दोन-दोन फ्लॅट झालेत. दिवाणखान्याला मध्येच पार्टिशन घालून बेडरूम, पॅसेजच्या टोकाला बाथरूम, आणि हॉलच्या एका कोपऱ्यात ओटा. त्या ओट्याला बाहेरची भिंत बहुधा लाभलेलीच नसते. चार माणसांच्या मराठी स्वयंपाकाची वाफ जाणार कुठे, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी कुणाला पडण्याचं कारण नव्हतं.

बाहेरून दिसणारा तो गुळगुळीत क्रीम रंगाचा गिलावा म्हणजे मुखवटा आहे. आत अनेक घरांत ‘बंगारूश’ नावाचं खास ब्रायटनचं प्रकरण असतं: गारगोटीचे दगड, फुटक्या विटा, खडूचे तुकडे, वाळू आणि चुना असं हाताला येईल ते फळ्यांच्या साच्यात ओतून उभी केलेली भिंत. पाण्याच्या पाइपाने नीट नेम धरला तर अर्धं ब्रायटन वाहून जाईल, असं इथले लोक गमतीने म्हणतात. या भिंतीला पाणी शोषून पुन्हा सोडावं लागतं. तिच्यावर चुन्याचाच गिलावा आणि हवा जाऊ देणारा रंग लागतो. मधल्या काळात कुणी सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट चढवला असेल, तर आत शिरलेलं पाणी आतच अडकतं आणि मग खोलीच्या बाजूने पोपडे धरू लागतात.

म्हणून घर बघताना भिंतीवरचा डाग नुसता ‘आहे का’ एवढं बघून भागत नाही, कुठला आहे ते ओळखावं लागतं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवी पिवळट रेघ आणि तिच्यावर पांढरी खारट पूड असेल, तर ती जमिनीतून चढणारी ओल. हा तळघराचा रोग. छताच्या किंवा खिडकीच्या बाजूला एकच मोठा डाग असेल आणि नैर्ऋत्येच्या वादळी पावसानंतर तो गडद होत असेल, तर पाणी बाहेरून आत येतंय. दोष गिलाव्याचा, पन्हळीचा किंवा बाल्कनीच्या सांध्याचा. आणि खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या काचेखाली काळे बारीक ठिपके दिसले, तर ती घरातल्याच वाफेची बुरशी. पहिल्या दोन्हींची दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी; १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यात ते स्पष्ट आहे. तिसऱ्याबाबत वाद होतो. एजंट सांगणार, ‘खिडक्या उघडत जा’. कधी तो बरोबर असतो, कधी गळक्या भिंतीचं खापर तुमच्या वरणभातावर फोडत असतो. डाग कुठल्या जातीचा ते तारखेसह फोटोत असेल, तर हा वाद लांबत नाही.

बघायला गेलात की कपाट थोडं पुढे ओढायला सांगा आणि मागच्या भिंतीला तळहात लावा. एकाच भिंतीचा एकच कोपरा ताजा रंगवलेला असेल तर का, ते विचारा. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या लाकडात नख रुतलं तर लाकूड कुजलंय. बाथरूमचा पंखा चालू करून त्याला टिशू पेपर लावा. कागद चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय, गळून पडला तर नुसता आवाज करतोय.

आता मजला. तळघरातला फ्लॅट, जाहिरातीत ‘लोअर ग्राउंड’ किंवा ‘गार्डन फ्लॅट’ या गोंडस नावाने येतो, तो स्वस्त असतो आणि स्वस्तच असायला हवा. ओल, अंधार, मोबाइलला रेंज नाही, वर फुटपाथवरचे पाय दिसतात. समुद्र तर नाहीच. लहान मूल किंवा दमा असलेलं कुणी घरात असेल तर या जाहिराती उघडूही नयेत. पहिला मजला सगळ्यात देखणा. बाल्कनी तिथेच असते. पण छत साडेतीन मीटरच्या वर, खिडक्या दारांएवढ्या, त्यामुळे तापवलेली हवा डोक्यावर तरंगत राहते आणि पाय गारच. सगळ्यात वरचा मजला गरम असतो, भाडंही कमी, पण दर्शनी कठड्यामागे लपलेली पन्हळ तुंबली की पाणी थेट छतातून येतं. शिवाय चिमणीवर सीगल. लिफ्ट बहुतेक घरांत नसते, हे तांदळाची दहा किलोची पिशवी उचलून आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आमचं मत: दुसरा मजला. छत बेताचं, वर-खाली दोन्हीकडे तापलेली घरं, रस्त्याचा आवाज थोडा कमी.

दिशा हा भाग जाहिरातीत कधीच नसतो. ब्रायटनचा समुद्र दक्षिणेला आहे. म्हणजे थेट समुद्रासमोरच्या घराला हिवाळ्यातलं तिरपं ऊन खोलीच्या पार आतपर्यंत मिळतं, आणि डिसेंबरात जेमतेम आठ तासांचा दिवस असताना ही गोष्ट लहान नाही. हा या फ्लॅटचा खरा गुण, दृश्यापेक्षाही मोठा. पण वारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून येतो, आणि ऑक्टोबर ते मार्च तो पावसाला आडवं करून काचेवर आपटतो. म्हणून समुद्रकाठच्या चौकांमध्ये, म्हणजे स्क्वेअरांमध्ये, बाजू बघून घ्यावी. चौकाच्या पूर्वेकडची घरं पश्चिमेला तोंड करून असतात, वारा त्यांच्या थोबाडीत बसतो. पश्चिमेकडची घरं पूर्वाभिमुख, त्यामुळे वाऱ्याला पाठ. त्यांच्या पुढे आलेल्या गोलाकार खिडकीतून समुद्रही तिरका दिसतो. भाडं तेवढंच. एकाच ब्रन्सविक स्क्वेअरमध्ये या दोन बाजूंचे हिवाळे वेगळे आहेत.

खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, लाकडी, एकेरी काचेच्या. इमारत ‘लिस्टेड’ म्हणजे वारसा यादीतली असली की खिडक्या बदलायला परवानगी लागते आणि दर्शनी बाजूला दुहेरी काच सहसा बसवता येत नाही. त्यामुळे घरमालकाला ‘डबल ग्लेझिंग लावून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. मागायचं ते ‘सेकंडरी ग्लेझिंग’: मूळ खिडकीच्या आत, खोलीच्या बाजूने बसवलेली स्वतंत्र काच. ती आधीच असलेलं घर मिळालं तर भाड्यात थोडं जास्त द्यायलाही हरकत नाही. नसेल तर चौकटीवर चिकटवून हेअर ड्रायरने ताणायची पारदर्शक फिल्म मिळते. एका हिवाळ्यापुरती चांगली चालते, मात्र जुन्या रंगावरून काढताना रंगाचे पापुद्रे निघतात आणि त्याचा खर्च डिपॉझिटमधून वळता होऊ शकतो. वाऱ्याने खडखडणाऱ्या खिडकीला रबरी पाचर पुरते. आणि बघताना वरचा आणि खालचा दोन्ही पल्ले सरकवून बघा. वरचा पल्ला रंगाने कायमचा चिकटलेला असणं ही इथली नेहमीची गोष्ट. दोन्ही चार-चार बोटं उघडले तरच गरम दमट हवा वरून जाते आणि कोरडी खालून येते.

कोरडी? बाहेर पाऊस पडत असताना? हो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात खिडकी लावून घेण्याची सवय असते आणि तिथे ती बरोबरच आहे, कारण बाहेरची हवा उबदार आणि पाण्याने भरलेली असते. इथे हिशोब उलटा आहे. २० अंश सेल्सियसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरते; ५ अंशांची हवा सातही धरत नाही. म्हणजे बाहेर ९० टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत घनमीटरमागे सहा ग्रॅमच पाणी आहे. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून जानेवारीच्या पावसातही सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की घर कोरडं होतं. भिंती तेवढ्यात गार होत नाहीत. दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवण्याने मात्र भिंत गारठते आणि नेमकी तिथेच बुरशी धरते.

पाच-दहा पाउंडांचं आर्द्रतामापक घ्या आणि बेडरूममध्ये ठेवा. ४० ते ६० टक्के ठीक; सतत सत्तरीच्या वर असेल तर दोन-तीन आठवड्यांत बुटांवर पांढरी बुरशी दिसेल. सगळ्यात मोठा गुन्हेगार वाळत घातलेले कपडे: मशीनभर धुणं खोलीत वाळलं की दोनेक लिटर पाणी हवेत जातं. बाल्कनीत वाळत घालणं अनेक भाडेकरारांत मना असतं, आणि हिवाळ्यात तिथे ते वाळतही नाही, उलट खारट होतं. उपाय एकच, डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र. घेताना प्रकार बघा. कॉम्प्रेसरवाला विजेला स्वस्त, पण खोली १५ अंशांच्या खाली गेली की ढेपाळतो. डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा प्रकार, वीज जास्त खातो, मात्र गार खोलीत नीट चालतो आणि थोडी ऊबही देतो. या थंड खोल्यांसाठी डेसिकंट बरा. छोट्या खोलीत कपड्यांचा स्टँड आणि मशीन ठेवून दार बंद करायचं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर लांब. बुरशी दिसलीच तर कोरड्या ब्रशने झाडू नका, तिचे कण घरभर होतात. बुरशीनाशक फवारा, ओल्या फडक्याने टिपा, फडकं फेकून द्या.

ऊब कशाने मिळते हा प्रश्न भाड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. गॅसचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे नळाचं गरम पाणी आणि खोल्यांची ऊब दोन्ही देणारं एकच यंत्र, असेल तर बरं. विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या चौपट महाग पडतं. जुन्या इमारतींतल्या अनेक फ्लॅटांत गॅस नाही, भिंतीला स्टोरेज हीटर आहेत. त्यांच्या आत विटा असतात. रात्रीच्या स्वस्त दराच्या सात तासांत त्या तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. वर दोन बटणं: ‘इनपुट’ म्हणजे रात्री किती साठवायचं आणि ‘आउटपुट’ म्हणजे किती वेगाने सोडायचं. नवखा माणूस गारठला की दोन्ही पूर्ण फिरवतो. मग सकाळी अकरापर्यंत सगळी ऊब संपते, संध्याकाळी हीटर दगडासारखा थंड, आणि प्लगचा हीटर लावावा लागतो, तोही दिवसाच्या चढ्या दराने. आउटपुट झोपताना बंद, दुपारपर्यंत कमी, संध्याकाळी वाढवायचं, हा क्रम. मीटर खरोखर रात्रीच्या दराचा, ‘इकॉनॉमी ७’ प्रकारचा आहे का, ते वीज कंपनीकडून लेखी घ्या. हीटर एका प्रकारचा आणि मीटर दुसऱ्या, असंही आढळतं.

कॉम्बी बॉयलर बंद पडला तर प्लंबर बोलवण्याआधी त्याच्या तोंडावरचा काटा बघा. थंड असताना दाब १ ते १.५ बार हवा. त्याच्या बराच खाली गेला तर बॉयलर स्वतःला बंद करतो. खाली वेणीच्या आवरणाची नळी आणि तिला दोन छोट्या चाव्या असतात. दोन्ही हळूहळू उघडायच्या, काटा सव्वा-दीडवर आला की दोन्ही घट्ट बंद. दर आठवड्याला दाब उतरत असेल तर कुठेतरी गळतंय, ते घरमालकाला कळवा.

घर बघायला जायच्या आधीच त्याचा ऊर्जा-दाखला, म्हणजे ईपीसी, सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून फुकट बघता येतो. भाड्याने द्यायच्या घराला किमान ‘ई’ दर्जा लागतो, काही सवलती सोडून. सी असेल तर उत्तम, डी चालेल. ‘ई’ आणि विजेचे हीटर ही जोडी दिसली तर समुद्र किनाऱ्यावर जाऊनच बघावा.

स्वयंपाकघरात पहिला प्रश्न चिमणीचा. शेगडीवरचं हूड हवा बाहेर फेकतं की कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत खोलीत सोडतं? दुसऱ्या प्रकारात वास थोडा कमी होतो, वाफ मात्र जशीच्या तशी घरात. फोडणी, प्रेशर कुकर, तळण यांच्या घरात हे चालत नाही. शेगडी बहुधा काचेची, सिरॅमिक किंवा इंडक्शन. खोलगट लोखंडी तवा तिच्यावर तापत नाही, सपाट बुडाचा घ्या, इंडक्शन असेल तर लोहचुंबक चिकटणारा. फुलका फुगवायला ज्योत नाही, त्यामुळे घडीच्या पोळ्याच बऱ्या. हॉलमध्येच ओटा असेल तर धुराचा अलार्म दर फोडणीला ओरडतो. तो काढून ठेवणं किंवा झाकणं धोक्याचं. स्वयंपाकाच्या जागी धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म लावायला घरमालकाला सांगता येतं. बॉयलर घरात असेल तर त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

बांगडेप्रेमींसाठी जाता जाता: इथला मॅकरेल आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ, तेल जास्त, चव उग्र. उन्हाळ्यात शोरहॅम बंदराच्या बाजूला, ब्रायटनला पश्चिमेकडून जोडून असलेल्या ‘हव’ (Hove) गावाच्या पश्चिम टोकाकडे ताजा मिळतो. तळायचा असेल तर जुलैतच, खिडक्या सताड उघड्या टाकून. सुरमई-पापलेट गोठवलेलीच.

पाण्याचा मात्र दोष फ्लॅटचा नाही, शहराचा आहे. ब्रायटनचं पिण्याचं पाणी मागच्या डाउन्स टेकड्यांच्या खडूच्या थरातून येतं, त्यामुळे चांगलंच जड. पिण्याला उत्तम, पण किटलीत पांढरा थर, चहावर तवंग, शॉवरची भोकं बुजलेली. आणि तूरडाळ शिजता शिजत नाही, कारण पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या पेशी कडक करतो. हा जडपणा बराचसा उकळल्यावर खाली बसणारा असतो: पाणी किटलीत उकळून, जरा निवू देऊन वरचं वापरा, किंवा कुकरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा. छोले-राजमा भिजवतानाही हेच. किटलीसाठी लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे सायट्रिक ॲसिड, उकळून अर्धा तास ठेवायचं. घर सोडताना शॉवरच्या काचेवरचे डाग हे डिपॉझिट कापण्याचं नेहमीचं कारण आहे, तेव्हा काच दर आठवड्याला पुसावी.

बाकीचं भराभर. समोरचा ए-२५९ रस्ता शांत कधीच नसतो; शनिवारी रात्री पार्ट्या, ऑगस्टात ‘प्राइड’ या एलजीबीटी समुदायाच्या उत्सवाची गर्दी. सीगल एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत छतांवर घरटी करतात, जूनमध्ये पहाटे चारला ओरडा सुरू, आणि पिल्लं जमिनीवर आली की आई-बाप डोक्यावर झेपावतात. छत्री उघडी धरून निघावं. घरट्याला हात लावणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. कचऱ्याची पिशवी रात्री बाहेर ठेवली की सकाळी रस्ताभर. सायकल उघड्यावर ठेवली तर साखळी एका हिवाळ्यात गंजते. मोटारीसाठी निवासी परवाना लागतो आणि मध्यवर्ती विभागांत त्याला प्रतीक्षा यादी असते. भाडं ठरवण्याआधी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर तो विभाग तपासा. ब्रन्सविक स्क्वेअर आणि टेरेसच्या दर्शनी भिंती दर पाच वर्षांनी ठरलेल्या क्रीम रंगात रंगवायच्या, असा १९७६ चा कायदाच आहे. इमारतीची पाळी कधी आहे ते विचारून घ्या, नाहीतर दृश्याचं भाडं भरून महिनोन्‌महिने परांचीवरचे रंगारी बघत बसावं लागेल.

मग राहायचं कुठे? आमच्या मते समुद्रापासून तिसऱ्या-चौथ्या ओळीत. हवमध्ये चर्च रोडच्या उत्तरेकडच्या सपाट गल्ल्या सगळ्यात सोयीच्या: दहा मिनिटांत किनारा, दुकानं दाराशी, वाऱ्याचा जोर मोडलेला. सेव्हन डायल्स आणि प्रेस्टन पार्क स्टेशनला जवळ, रोज लंडनला जाणाऱ्यांसाठी. हॅनोव्हर रंगीबेरंगी आणि गोड, पण तिथला चढ पाहून घ्या. बाबागाडी किंवा भाजीची पिशवी घेऊन तो वेगळाच वाटतो. फाल्मरच्या दोन्ही विद्यापीठ-परिसरांत जाणाऱ्यांनी लुईस रोडच्या आसपास किंवा २५ नंबरच्या बसच्या वाटेवर बघावं. मुलंबाळं असलेल्यांना उत्तरेचं पॅचम बरं. १९३० नंतरची विटांची घरं, मधे पोकळी असलेल्या भिंती, गॅस. पहिल्या महायुद्धात इथे वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांच्या दहनभूमीवर १९२१ साली उभारलेली छत्री याच पॅचमच्या वरच्या उतारावर आहे.

कागदपत्रांचं तंत्र सगळ्यांना सारखंच. एजन्सी मासिक भाड्याच्या तीसपट वार्षिक उत्पन्न मागते. नसेल तर इथला जामीनदार. नव्याने आलेल्याला इथला कर्जइतिहास नसतो, तेव्हा नोकरीचं पत्र आणि भारतातल्या बँकेची विवरणपत्रं आधीच पीडीएफमध्ये तयार ठेवा. व्हिसाचा पुरावा म्हणून सरकारी संकेतस्थळावरून ‘शेअर कोड’ काढायचा; घरासाठीचा कोड इंग्रजी ‘आर’ने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. नोकरीसाठी काढलेला ‘डब्ल्यू’वाला इथे चालत नाही. घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतं (वार्षिक भाडं ५० हजार पाउंडांच्या आत असेल तर), आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायला हवं. भारतीयांकडून सहा महिन्यांचं, वर्षाचं भाडं आगाऊ घ्यायची जी पद्धत होती, ती २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने १ मे २०२६ पासून बंद: एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही, जाहिरातीतल्या भाड्यावर बोलीही लावता येत नाही. कौन्सिल टॅक्स, म्हणजे नगरपालिकेचा घरावरचा कर, भाड्यात धरलेला नसतो. एकट्याला २५ टक्के सूट, घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर माफ.

२०२५ च्या त्याच कायद्याने मुदतीचे करारही गेले, भाडेकरू दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निघू शकतो. त्यामुळे समुद्रासमोर राहायचंच असेल तर आता जुगार पूर्वीइतका मोठा नाही: एप्रिलमध्ये घ्या, उन्हाळा उपभोगा, आणि ऑक्टोबरअखेर भिंतीला हात लावून ठरवा. चावी मिळाल्याच्या दिवशी प्रत्येक खिडकीची खालची पट्टी, प्रत्येक कोपरा, कपाटामागची भिंत आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढून त्याच दिवशी एजन्सीला ईमेल करा. इन्व्हेंटरीवर, म्हणजे घराच्या आणि वस्तूंच्या स्थितीच्या यादीवर, सही करायला सहसा सातेक दिवस देतात. तिच्यात भिंतींपुढे ‘चांगल्या स्थितीत’ असं सरसकट लिहिलेलं असतं. जिथे पोपडे आहेत तिथे ते शब्द खोडून ‘पोपडे, ओलीचा डाग, फोटो जोडला आहे’ एवढं लिहा आणि मगच सही करा.